दोन घरचा पाहुणा

मंडळी, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. ओढ्यापलीकडे सतरा-अठरा घरांची वस्ती. ओढ्यावर एक मोरी बांधा, म्हणून अर्ज देऊन किती वर्षे झाली ते मोजायचे मी आता सोडून दिले आहे. एका कार्यालयात गेले की साहेब म्हणतात, "रस्ता आमचा, पण ओढ्यानंतरची हद्द त्यांची." त्यांच्याकडे गेले की ते म्हणतात, "हद्द आमची, पण मोरी हा रस्त्याचा भाग, तेव्हा ती त्यांनी बांधायची." दोघेही चहा पाजतात, दोघेही आदराने बोलतात. आणि श्रावणात वस्तीवरच्या पोरी दप्तर डोक्यावर घेऊन ओढा उतरतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण ज्याने केली तो नक्कीच कुठल्या तरी कार्यालयाच्या बाकावर बसून आला असावा.

दिवाळीत गावातला एक मुलगा सुट्टीवर आला होता. कॅनडात टोरांटोजवळ नोकरीला असतो. पारावर बसला असताना मी त्याला विचारले, "तुमच्या त्या ओंटारियो प्रांताच्या उत्तरेला कोण राहते रे?" तो म्हणाला, "आबा, तिकडे कुणी जात नाही. तिकडे रस्ताच नाही." मग मी त्याला सोल मामाक्वा यांची गोष्ट सांगितली. त्याच्या प्रांताची गोष्ट त्याला पारावर ऐकावी लागली, याचे त्याला हसू आले. तीच आज तुम्हाला सांगतो.

ओंटारियोच्या विधानसभेत १२४ जागा आहेत. त्यांतल्या एका मतदारसंघाचे नाव किवेटिनूंग. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचा अर्थ उत्तर दिशा. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ९४ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार, म्हणजे गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलखाला जवळजवळ एकच आमदार! आणि माणसे किती? सुमारे ३३ हजार. आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी. त्यांतली बरीचशी वीसहून अधिक अशा वस्त्यांत विखुरलेली, की जिथे बारमाही रस्ता पोहोचत नाही. जायचे तर लहान विमानाने.

मामाक्वा हे या मतदारसंघाचे आमदार. स्वतः किंगफिशर लेक या अशाच एका वस्तीचे. सरकारने आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले, त्या व्यवस्थेतून तेही गेले. राजकारणात येण्याआधी आरोग्याच्या कामात होते. २०१८ साली पहिल्यांदा निवडून आले, नंतर २०२२ आणि २०२५ सालीही. पक्ष विरोधातला, न्यू डेमोक्रॅटिक. म्हणजे हातात खाते नाही, निधीची किल्ली नाही. हातात काय, तर प्रश्न विचारायचा हक्क.

हा मतदारसंघ झाला कसा, तेही सांगण्यासारखे आहे. दक्षिणेत एकेका आमदारामागे लाखाच्या वर माणसे. मग ३३ हजारांना वेगळा आमदार कशाला, असे कुणीही म्हणेल. आकड्याने ते खरेच आहे. पण २०१७ साली तिथे अतिउत्तरेच्या हद्दी ठरवायला एक आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशीवरून दोन नवे मतदारसंघ निघाले, त्यांतला हा एक. त्याआधी या वस्त्या दक्षिणेकडच्या गावांबरोबर एकाच मतदारसंघात होत्या. तुम्हीच विचार करा, ज्या उमेदवाराला दोन तासांत मोटारीने पाच हजार मते मिळतात, तो तीनशे मतांसाठी विमानाचे भाडे भरून कशाला जाईल? मला विचाराल तर अंतर हीसुद्धा मोजण्याची गोष्ट आहे, नुसती डोकी मोजून भागत नाही. मात्र हा वाद आपल्या गावकीतही मिटणारा नाही, तेव्हा तो इथेच सोडतो. एक गोष्ट तेवढी ध्यानात घ्या. या लोकांना ओंटारियोच्या निवडणुकीत मताचा बिनशर्त हक्क मिळाला १९५४ साली आणि देशाच्या निवडणुकीत १९६० साली. त्याआधी आपल्या आजी-आजोबांनी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक बोटाला शाई लावून पार पाडली होती.

आता दोन घरांची गोष्ट. कॅनडात आदिवासींच्या राखीव वस्त्या केंद्राकडे, म्हणजे ओटावाच्या सरकारकडे. पण दवाखाने, महामार्ग, खाणी, जंगल ही प्रांताची बाब. तेव्हा वस्तीत काही हवे असले की प्रांत म्हणतो, ओटावाला विचारा. ओटावा म्हणते, हे प्रांताचे काम. मामाक्वांच्या आमदारकीचा निम्मा वेळ या टोलवाटोलवीच्या मध्ये उभे राहण्यात गेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

यातली मेख अशी. या मुलखाचा करार, त्याला करार क्रमांक ९ म्हणतात, १९०५-०६ साली झाला आणि १९२९-३० साली तो आणखी उत्तरेकडे वाढवला. जमीन घेताना टेबलापलीकडे कोण बसले होते? केंद्राचे दोन प्रतिनिधी आणि प्रांताचा एक! बाकीच्या क्रमांकांच्या करारांत प्रांत असा बसला नव्हता, या एका करारात बसला. बदल्यात माणशी वर्षाला चार डॉलर ठरले. ते चार डॉलर आजही चारच आहेत. घेताना दोन्ही घरे हजर होती. पाण्याची गोष्ट निघाली की मात्र एक घर दुसऱ्याकडे बोट दाखवते.

पाण्याची गोष्ट म्हणजे नेस्कांटागाची. थंडर बे शहरापासून उत्तरेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर ही छोटी वस्ती, तळ्याच्या काठावर. चहूकडे गोडे पाणी. आपल्याकडे मार्चमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला ते चित्र दाखवले तर तिला स्वर्ग वाटेल. १९९३ साली तिथे पाणी शुद्ध करायचे केंद्र बांधले. ते नीट चाललेच नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये नोटीस लागली की नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. ती नोटीस फेब्रुवारी २०२५ मध्ये तीस वर्षांची झाली. ज्या पोरीने जन्मल्यापासून नळाचे पाणी तोंडाला लावले नाही, ती आता स्वतःच्या लेकराला बाटलीतले पाणी पाजते. बाटल्या येतात विमानाने. आंघोळीच्या पाण्याने अंगावर पुरळ उठते, ही आयांची तक्रार आहे ती वेगळीच. २०१५ साली ओटावाचे नवे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी शब्द दिला होता की मार्च २०२१ पर्यंत अशा सगळ्या दीर्घकाळच्या नोटिसा उठवू. शंभराहून अधिक ठिकाणच्या उठल्याही, ते नाकारून चालणार नाही. नेस्कांटागाची उठली नाही. उलट ऑक्टोबर २०२० मध्ये साठवणीच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, पाणी बंद करावे लागले आणि अख्खी वस्ती उचलून थंडर बेच्या हॉटेलात नेऊन ठेवली. करोनाच्या दिवसांत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. मामाक्वा त्यांच्यासाठी विधानसभेत उठले, तेव्हाही ही बाब केंद्राची आहे ही ढाल पुढे आलीच. त्यांचे म्हणणे साधे होते: हे लोक ओंटारियोचे रहिवासी आहेत की नाहीत?

रस्त्याचे म्हणाल तर या वस्त्यांना वर्षातून काही आठवड्यांचा रस्ता मिळतो, तोही बर्फाचा. थंडीत तळी गोठली की यंत्रे फिरवून बर्फ दाबतात, वरून पाणी सोडून जाडी वाढवतात, भोके पाडून जाडी मोजतात. भरलेला मोठा ट्रक जायचा तर साधारण मीटरभर घट्ट बर्फ लागतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत ही वाट चालते. तेवढ्यात वर्षाचे डिझेल, घरांचे लाकूड, सिमेंट, गाड्या, जे जड असेल ते सगळे आणून टाकायचे. आपल्याकडे वाफसा जसा चार दिवसांचा, चुकला की पेरणी गेली, तसेच. घर बांधायचे लाकूड मार्चपर्यंत आले नाही तर घर एक वर्ष पुढे गेले. विमानाने आणायचे तर लाकडाच्या किमतीपेक्षा भाडे जास्त. २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की बर्फ धरेचना. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेत्यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्याकडे अवकाळीने द्राक्षे गेली की आपण आभाळाकडे बघतो. तिकडे थंडी पडली नाही म्हणून आभाळाकडे बघतात.

विजेत मात्र या लोकांनी एक मोठे काम करून दाखवले आहे. पूर्वी बहुतेक वस्त्यांत वीज डिझेलच्या यंत्रावर असे. यंत्राची ताकद संपली की नवे घर बांधून उपयोग नसे, कारण त्याला जोडणी देता येत नसे. लग्न झालेले पोर आईबापाच्याच दोन खोल्यांत. मग चोवीस आदिवासी वस्त्यांनी एकत्र येऊन एका खासगी वीज कंपनीबरोबर भागीदारी केली, मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवला आणि जंगल-दलदलीतून सुमारे १,८०० किलोमीटरची वीजवाहिनी टाकली. सतरा दुर्गम वस्त्या प्रांताच्या जाळ्याला जोडायचा तो बेत. त्यांतली पिकांजिकम ही वस्ती डिसेंबर २०१८ मध्येच जोडली गेली. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या पहिल्या पिढीची आठवण व्हावी असे हे काम आहे.

माझ्या मायबहिणींनी पुढचे नीट वाचावे. या वस्त्यांत दवाखाना म्हणजे परिचारिकांचे केंद्र. डॉक्टर अधूनमधून विमानाने येतो. पोटुशी बाई दिवस भरत आले की दोन-चार आठवडे आधीच सू लुकआउट गावच्या किंवा आणखी लांबच्या रुग्णालयाकडे रवाना होते. आई जवळ नाही, सासू नाही, मागे थोरली लेकरे शेजारणीकडे. परक्या गावच्या खोलीत बसून कळांची वाट पाहायची. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात. तिकडे ते माहेरही सुटते. पोरांचेही तसेच. बहुतेक वस्त्यांत शाळा आठवी-नववीपर्यंत. पुढे शिकायचे तर तेरा-चौदा वर्षांचे पोर शेकडो किलोमीटरवरच्या थंडर बेला, अनोळखी घरी. २००० ते २०११ या काळात असे शिकायला गेलेले सात विद्यार्थी तिथे मरण पावले. २०१५-१६ साली त्याची जाहीर चौकशी झाली आणि ज्यूरीने १४५ शिफारशी केल्या. सात घरांतले सात कागद आणि त्यावर १४५ शिफारशी. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

आणि म्हातारपण? तिथे रोजची शुश्रूषा लागणाऱ्या वृद्धांसाठी जवळपास पुरेशी जागा नाही. म्हातारीला दूरच्या शहरातल्या आश्रमात ठेवतात. तिथे तिची भाषा कुणाला येत नाही, तिच्या सवयीचे जेवण नाही. पाणी मागायचे तर कोणत्या शब्दात मागायचे?

हाच प्रश्न मामाक्वांनी २८ मे २०२४ रोजी टोरांटोच्या विधानसभेत विचारला, आणि आपल्या मातृभाषेत विचारला. त्या दिवसाबद्दल थोडे सैल हाताने लिहितो, कारण मला तो आवडतो. ओंटारियोच्या सभागृहात नियमाने फक्त इंग्रजी किंवा फ्रेंच बोलायची. मामाक्वांची भाषा अनिशिनिनीमोविन, तिला ओजी-क्री असेही म्हणतात. ज्या जमिनीवर विधानसभा उभी आहे त्या प्रांताची ही मूळ भाषांपैकी एक, पण सभागृहात तिला बंदी. मार्च २०२४ मध्ये सरकार पक्षाच्याच नेत्याने ठराव आणला आणि नियम बदलला. हे श्रेय सरकारला द्यायला हवे. मग त्या मंगळवारी मामाक्वा उभे राहिले. गॅलरीत त्यांची आई, घरचे लोक आणि उत्तरेकडून आलेली मंडळी. इंग्रजी-फ्रेंच सोडून तिसऱ्या भाषेत, तिथल्याच भाषेत आणि दुभाष्यासह, त्या सभागृहात भाषण झाले असे ते पहिलेच. सगळे सभासद उभे राहून टाळ्या वाजवत होते. ज्या पिढीला शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल मार बसला, तिच्यातल्या आईने ती विधानसभेच्या ध्वनिक्षेपकातून ऐकली. आणि टाळ्या थांबल्यावर त्यांनी काही गोड गोड बोलून खाली बसायचे नाकारले. सू लुकआउटला वृद्धांचे शुश्रूषागृह केव्हा बांधता, हा प्रश्न त्याच भाषेत मुख्यमंत्र्यांसमोर ठेवला.

जाता जाता एक गंमत. ही भाषा ज्या लिपीत लिहितात ती १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स नावाच्या पाद्र्याने प्रसिद्धीस आणली. क्री लोकांची परंपरा सांगते की ती त्यांच्यातल्याच एकाला दैवी देणगी म्हणून मिळाली. तो वाद राहू द्या. पण तिची रचना बघा. एक व्यंजन म्हणजे एक आकार. तो आकार फिरवला की स्वर बदलतो. उजवीकडे वळवला तर एक, खाली वळवला तर दुसरा. आपल्या बाराखडीत काना-मात्रा जे काम करतात ते तिथे अक्षराची दिशा करते. इव्हान्सला देवनागरीची ओळख होती आणि या कल्पनेमागे तिचा हात असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तुमच्या पोराच्या पाटीवरच्या क, का, कि, की चा एक दूरचा भाऊबंद त्या बर्फात नांदतो आहे.

टाळ्यांच्या दिवसाआधीचा एक दिवसही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र खोटे होईल. २०२१ च्या सुरुवातीला करोनाची लस विमानाने ३१ दुर्गम वस्त्यांत नेली जात होती. सरकारी सुईबद्दल आदिवासींच्या मनात भीती, आणि ती उगाच नाही. तेव्हा वस्त्यांच्या प्रमुखांनी मामाक्वांना बोलावले की तुम्ही आमच्यासमोर टोचून घ्या, म्हणजे लोक पुढे येतील. ते गेले आणि टोचून घेतली. मार्चमध्ये त्यांनी सभागृहात आदिवासींच्या लसीकरणाचा प्रश्न काढला, तर मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी उलट त्यांच्यावरच रांग मोडल्याचा आरोप केला. गावोगाव संताप झाला. पुढे फोर्ड यांनी त्यांची माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच झाले, पण आरोप पटकन जिभेवर आला, ते का आला हे आपल्या वाड्या-तांड्यांवरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

२०२५ साली आणखी एक प्रसंग आला. नेस्कांटागाच्या भोवतालच्या दलदलीखाली क्रोमाइट, निकेल अशी खनिजे आहेत. त्या पट्ट्याला रिंग ऑफ फायर म्हणतात. सरकारने विधेयक क्रमांक ५ आणले. त्यात खास आर्थिक क्षेत्रे ठरवून तिथे प्रांताचे कायदे बाजूला ठेवण्याची मुभा सरकारला मिळते. आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या जमिनीवर हे कसे, असा आदिवासींचा सवाल. वस्त्यांतही एकमत नाही. काहींना रस्ता हवा आहे, आणि तेही समजण्यासारखे आहे. ज्याने आयुष्यभर विमानाचे भाडे भरले त्याला रस्ता नको कसा म्हणायचा? पण तीस वर्षे पिण्याचे पाणी द्यायला ज्या मुलखात यंत्रे नीट पोहोचली नाहीत, तिथे खाणीसाठी ती पोहोचणार, हे पाहून नेस्कांटागाच्या लोकांना काय वाटले असेल! मामाक्वांनी मुख्यमंत्र्यांवर असत्य बोलल्याचा ठपका ठेवला. सभागृहात असा शब्द चालत नाही. सभापतींनी शब्द मागे घ्यायला सांगितले. त्यांनी घेतला नाही आणि त्यांना सभागृहाबाहेर जावे लागले. जूनमध्ये विधेयक मंजूर झाले. १२४ मध्ये एक मत किती वजनाचे, ते त्या दिवशी दिसले.

मग या आमदाराने मिळवले काय, असे तो टोरांटोचा मुलगा मला म्हणाला. मी त्याला शेजारच्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडचे एक उदाहरण दिले. तिथल्या क्री वस्तीतले एक मूल जन्मतः दुखण्याने विनिपेगच्या रुग्णालयात होते. दोन वर्षांचे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन्ही घरे भांडत बसली. मूल २००५ साली, पाच वर्षांचे असताना, रुग्णालयातच गेले. एक दिवसही घरी राहिले नाही. त्याच्या नावाने ओटावाच्या लोकसभेत डिसेंबर २००७ मध्ये एका विरोधी सभासद बाईंनी मांडलेला ठराव एकमताने झाला. त्याला जॉर्डनचे तत्त्व म्हणतात. आदिवासी मूल ज्या सरकारच्या दारात आधी आले त्याने आधी खर्च करावा, हिशेब मागून दोघांनी आपसात करावा. ठरावाची अंमलबजावणी नीट व्हायला पुन्हा न्यायाधिकरणाचा २०१६ चा निकाल लागला, आणि कुरकुर अजून चालू असते. पण असंख्य लेकरांना त्यातून औषध, खुर्ची, शिक्षक मिळाले. तोही विरोधी बाकावरच्या एका सभासदानेच मांडला होता.

मुलगा काही बोलला नाही. परत जाताना एवढेच म्हणाला की थंडर बेला जाणारी बस कुठून सुटते ते बघतो.

आणि हो, ओढ्यावरच्या मोरीचा अर्ज मी परवा पुन्हा लिहिला. या वेळी दोन अर्ज नाहीत. एकच कागद, वर दोन्ही कार्यालयांची नावे शेजारी शेजारी, आणि खाली लिहिले आहे की ज्यांच्या टेबलावर हा आधी येईल त्यांनी आधी मोरी बांधावी, पैशाचे मागून बघावे. वस्तीवरच्या सगळ्या बायांनी सह्या केल्या आहेत. एकीने सही केली आणि विचारले, "आबा, हे कुठून सुचलं?" मी म्हटले, "उत्तरेकडून."